दखनोस म्हणजे दक्षिण

पहिला मसुदा परत आला तेव्हा सोबतच्या पत्रातलं एकच वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. ‘हे वाचून तुमच्या इतिहासाबद्दल आदर वाटला, पण तिथं राहत कोण होतं ते कळलं नाही.’ संपादकबाईंनी दोनशे पानांत दुसरी एकही खूण केली नव्हती. खुणा केल्या असत्या तर मी त्या दुरुस्त करून मोकळी झाले असते. या वाक्याचं काय करायचं ते मला कळेना.

प्राचीन भारताचा इतिहास मी तेवीस वर्षं कॉलेजात शिकवला. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन जुन्नर, कार्ले, नाशिक असा फेरा ठरलेला. नोकरी संपता संपता माझ्या प्राकृतच्या सरांनी एका परदेशी प्रकाशनसंस्थेला माझं नाव सुचवलं. तिथल्या सर्वसाधारण वाचकांसाठी, जे कधी इकडे आले नाहीत आणि कदाचित येणारही नाहीत अशा माणसांसाठी, प्राचीन संस्कृतींची ओळख करून देणारी एक मालिका ते काढत होते. माझ्याकडे सातवाहन राजांच्या काळातलं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं दख्खन आलं. दीडशे-पावणेदोनशे पानं, तळटीपा नाहीत, शेवटी फक्त शब्दांची एक छोटी सूची. सहा महिन्यांचं काम म्हणून मी हो म्हटलं. साडेतीन वर्षं लागली.

पहिल्या मसुद्यात मी काय केलं होतं ते आता मला स्वच्छ दिसतं. सुरुवात वंशावळीपासून. कोण राजा कोणानंतर, पुराणांच्या याद्यांचा मेळ कसा बसत नाही, राज्य नर्मदेपासून कुठपर्यंत. जिथं माणसांबद्दल सांगायचं तिथं ‘समृद्ध’, ‘वैभवशाली’, ‘सहिष्णू’ असे शब्द. परक्यापुढे आपलं घर दाखवायचं म्हणून मी दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवरची धूळ झटकून त्याला तिथंच बसवून ठेवला होता. स्वयंपाकघरात, परसात, विहिरीवर नेलंच नव्हतं.

त्या दिवसांत मी एरिथ्रियन समुद्राच्या पेरिप्लसचं भाषांतर पुन्हा वाचायला घेतलं. इसवीसनाच्या पहिल्या शतकातलं, समुद्रवाटांची आणि बंदरांची माहिती देणारं हे ग्रीक पुस्तक वर्गात मी दरवर्षी ‘व्यापाराचा पुरावा’ म्हणून दोन परिच्छेदांत उरकत असे. या वेळी लिहिणाऱ्याच्या नजरेनं वाचलं. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. इजिप्तमधला ग्रीक बोलणारा, बंदरं जाणणारा माणूस. भडोचच्या पुढे किनारा सरळ दक्षिणेकडे जातो असं सांगून तो लिहितो की म्हणून या मुलखाला ‘दखिनाबदेस’ म्हणतात, कारण इथल्या लोकांच्या भाषेत ‘दखनोस’ म्हणजे दक्षिण. एवढंच. मग सांगतो, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. माल गाड्यांतून येतो, मोठाल्या आडवाटांनी येतो. पैठणहून गोमेद, तेरहून साधं कापड आणि तलम कापडही.

आमच्या मुलखाची परदेशी वाचकाला ओळख करून देणारं हे पहिल्या काही पुस्तकांतलं एक. मी जे करू पाहत होते ते हा माणूस जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी करून गेला होता. त्यानं एक शब्द दिला, त्याचा अर्थ दिला, अंतर दिलं, गाडीत काय भरलंय ते सांगितलं. दख्खन थोर आहे असं तो कुठेच म्हणत नाही. तरी मला त्या चार ओळींत धुळीच्या वाटेवर बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

दुसरा मसुदा मी मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहायला बसलं की माझी वाक्यं पाठ्यपुस्तकासारखी होतात, कारण ती भाषा मी पाठ्यपुस्तकांतूनच शिकले. मराठीत लिहून मग स्वतःच इंग्रजी करायचं ठरवलं. काम दुप्पट झालं, पण त्याला दुसरा इलाज नव्हता असं मला अजून वाटतं.

मराठी मसुद्याची पहिली वाचक माझी आई. वय एक्क्याऐंशी, शिक्षण सातवीपर्यंत, वर्तमानपत्र मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तिला मी नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्याचं प्रकरण वाचायला दिलं. हे लेणं उषवदातानं दिलेलं. तो पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाचा जावई, स्वतः शक. लेखात त्यानं नुसतं ‘दान दिलं’ म्हणून भागवलेलं नाही, सगळा व्यवहार लिहून ठेवला आहे. तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, त्यानं कायमची ठेव म्हणून गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे गुंतवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दरानं. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

आईनं चष्मा वर सरकवला आणि पुट्ठ्यावर पेन्सिलीनं आकडेमोड केली. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा बारा म्हणजे दोनशे चाळीस. ‘अगं, पै न पै जुळतंय,’ ती म्हणाली. ‘ही मुदतठेवच झाली की. पण मुदत नाही.’

तेवीस वर्षं मी हा लेख शिकवला, पण गुणाकार कधी करून पाहिला नव्हता. त्या रात्री ते प्रकरण मी मोडलं आणि आईच्या आकडेमोडीभोवती पुन्हा बांधलं. एक हजारांच्या पाऊण टक्क्याचे वर्षाचे नव्वद होतात, तेही वाचकालाच काढू दिले. आणि लेखाच्या शेवटची एक गोष्ट, जी मी पूर्वी सोडून देत असे, ती ठळक केली: हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि नोंदणीच्या ठिकाणी फळ्यावर नोंदला गेला. राजाच्या जावयालासुद्धा नोंदणी चुकली नव्हती. याच लेखात चिखलपद्र नावाच्या गावी नारळाची आठ हजार रोपं दिल्याचं आहे. चिखलपद्र! हा शब्द मी इंग्रजीत भाषांतर न करता तसाच ठेवला आणि कंसाशिवाय सरळ वाक्यात सांगितलं की चिखल या शब्दाचा अर्थ आजही इथल्या शेतकऱ्याला विचारा, तो पायाकडे बोट दाखवील.

परदेशी परीक्षण-वाचक सहा जण होते, प्रकाशनसंस्थेनं निवडलेले. त्यांच्यात एक निवृत्त बँक कर्मचारी होते. त्यांनी या प्रकरणावर दीड पान लिहून पाठवलं. विणकर एवढं व्याज कुठून देत असतील, दोन श्रेणींचे दर वेगळे का, श्रेणी बुडाली तर काय. पहिल्या मसुद्यावर याच गृहस्थांनी ‘रंजक’ एवढा एक शब्द लिहिला होता. दर वेगळे का, याचं खात्रीचं उत्तर लेखात नाही, आणि मी ते पुस्तकात तसंच लिहिलं. पण ते प्रश्न विचारतायत म्हणजे ते त्या निगमसभेत मागच्या रांगेत येऊन बसले आहेत, हे मला कळलं.

इथं एक चूक माझ्या हातून जवळजवळ छापून गेली असती. लेखात विणकरांसाठी ‘कोलिक’ असा शब्द आहे. चित्रांसाठी टिपा करताना मी घाईत ‘कोळी’ लिहून बसले, आणि चित्रकारानं होडी आणि जाळं काढून पाठवलं. चित्र सुंदर होतं. कोलिक म्हणजे संस्कृतातला कौलिक, विणकर. समुद्रावरच्या कोळ्यांशी त्याचा इथं संबंध नाही. होडी गेली, माग आला. तेव्हापासून प्रत्येक चित्राची टीप मी मूळ लेखाचं वाक्य समोर ठेवूनच लिहिली.

जानेवारीत नाणेघाटात गेले. कोकणातून जुन्नरकडे चढणारी ही वाट, आणि माथ्याशी ते लेणं, जिथं राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांची यादी आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोजदाद: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. त्यातले आकडे हे भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. समोरच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या आकृती कोरलेल्या होत्या. त्या नाहीशा झाल्या, कुठेकुठे नुसती पावलं उरली आहेत. वर ब्राह्मीत नावं मात्र आहेत. राजा सिमुक सातवाहन. मग देवी नायनिका, म्हणजे हीच नागनिका, आणि राजा सातकर्णी. पुढे कुमार, महारठी. मी पूर्वी इथं मुलांना उभं करून लेखाचं वाचन सांगत असे. या वेळी नुसती बसून राहिले. तिरपं ऊन आत आलं की अक्षरांच्या कडा उठून दिसतात, अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा भिंत सपाट होते. तेवढ्या वेळात पुस्तकाची सुरुवात मिळाली: एका घरातल्या माणसांचं चित्र, ज्यातली माणसं गेली आणि पावलं व नावं राहिली.

बाहेर घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण. घाटघरच्या एका आजोबांनी मला सांगितलं, ‘बाई, ह्याच्यात जकातीची नाणी टाकायचे. संध्याकाळी भरून वाहायचा.’ मी हे पुस्तकात घेतलं, पण ‘इथले लोक सांगतात’ असं लिहून. संपादकबाईंना हे फार आवडलं आणि त्यांनी प्रकरणाला नाव सुचवलं, ‘दोन हजार वर्षांपूर्वीचं जकातनाकं’. मी नको म्हटलं. रांजणावर तसा लेख नाही. घाट व्यापाराचा होता हे उघड आहे, घाटाचं नावही तेच सांगतं, पण रांजणाची गोष्ट ही लोकांची आठवण आहे आणि आठवण म्हणूनच ती मोलाची आहे. या एका मथळ्यावरून आमची आठवडाभर पत्रापत्री झाली. शेवटी त्यांनी ऐकलं. परक्या वाचकाकडे आपलं म्हणणं तपासायला दुसरं काही साधन नसतं. आपण सांगू ते तो घेतो. म्हणून त्याला लोककथा वेगळी आणि कोरीव लेख वेगळा करून देणं हे माझं काम होतं, आणि त्यात मी तसूभरही सैल पडायला तयार नव्हते.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते ‘लेणं’ या एका शब्दानं. इंग्रजीत त्याला ‘केव्ह’ म्हणायची रीत पडली आहे, मीही तीच पाळली होती. परीक्षण-वाचकांतल्या एका शिक्षिकेनं विचारलं: श्रीमंत व्यापारी भिक्षूंना गुहा का दान देत होते, त्यांना राहायला घरं नव्हती का? गुहा म्हटल्यावर त्या बिचारीच्या डोळ्यांपुढे निसर्गानं केलेली पोकळी, अंधार, वटवाघळं. चूक तिची नव्हतीच. मग मी लेखांतलाच शब्द पुढे आणला. दान देणारे स्वतः ‘लेण’ असंच लिहितात. पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, दानाला ‘देयधम’. या तीन शब्दांना मी पुस्तकभर इंग्रजी प्रतिशब्द दिले नाहीत. पहिल्यांदा आले तिथं अर्थ सांगितला आणि पुढे तसेच वापरले. संपादकबाई धास्तावल्या होत्या, पण सहापैकी एकाही वाचकानं तक्रार केली नाही.

शब्द ठेवला तरी लेणं होतं कसं ते दाखवावं लागलं. खालून वर बांधायची इमारत आणि वरून खाली कोरायचं लेणं यातला फरक. आधी छत, मग खांबांची डोकी, मग खाली खाली उतरत जमीन, म्हणजे उंच परांची बांधावी लागत नाही. पूर्ण झालेल्या लेण्यात हे कळत नाही, अर्धवट राहिलेल्यात कळतं. म्हणून कान्हेरीच्या पहिल्या लेण्याचं चित्र घेतलं, जे अपुरंच राहिलं. कार्ल्याचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, तर होताच: एकशे चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद. छताच्या लाकडी कमानी त्याच काळातल्या. दगडाचं छत स्वतःच्या ताकदीवर उभं असताना खाली लाकडाच्या कमानी कशासाठी, असा प्रश्न एकानं विचारला. उत्तर असं की चैत्य आधी लाकडाचे असत, आणि देवाचं घर कसं दिसतं ते लोकांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. वैजयंतीचा भूतपाल शेठ, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, अभिमानानं कोरून ठेवतो की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. ते वाक्य वाचून मला दर वेळी आनंद होतो.

चैत्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. संपादकांनी दिलेल्या छायाचित्रकारानं देऊळ टाळून फोटो काढले होते, ‘प्राचीन’ दिसावं म्हणून. मी देवळासकटचे फोटो मागून घेतले. त्या डोंगरावर आज चढणारी बहुतेक माणसं आईच्या दर्शनाला चढतात, आणि जागा जागती आहे ती त्यांच्यामुळे.

यवनांचं प्रकरण लिहिताना मला सर्वांत हुरूप होता. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत, त्यांनी दिलेल्या खांबांवर. सिहधय, म्हणजे सिंहध्वज, असं नाव आणि पुढे यवन. नाशिकला इंद्राग्निदत्त नावाचा यवन, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा. जुन्नरला तिघे: इरिलानं दोन टाकी दिली, चिटानं भोजनमंडप, चंदानं लेण्याचं दर्शनी काम. परदेशी वाचकासाठी पुस्तक लिहायचं आणि पुस्तकात परदेशी माणूस आधीच येऊन, पाण्याची सोय करून, नाव कोरून गेलेला! संपादकबाईंना सगळीकडे ‘ग्रीक व्यापारी’ असं हवं होतं. मी ‘यवन’च ठेवलं. नावं इथली, दान बौद्ध संघाला, धेनुकाकट नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ते ग्रीक होते, की पश्चिमेकडच्या कुठल्याही परक्याला यवन म्हणत, यावर वाद आहे. वाचकाला मी वाद सांगितला. त्यानं या माणसांना लगेच आपल्यात ओढून घेऊ नये, थोडा वेळ त्यांच्या स्वतःच्या नावानं ओळखावं, असं मला वाटत होतं.

धर्मावरचं प्रकरण मात्र मला जमलं की नाही याची अजून रुखरुख आहे. प्रकाशनसंस्थेच्या मालिकेच्या साच्यात ‘धर्म’ अशी एक चौकट होती आणि तिच्यात एक शब्द भरायचा होता. नागनिका अश्वमेधाची दक्षिणा मोजते. त्याच घराण्यातली गौतमी बलश्री नाशिकला बौद्ध भिक्षूंना लेणं देते. उषवदात ब्राह्मणांनाही देतो, संघालाही. मी ती चौकट रिकामी पाठवली आणि खाली या तीन माणसांची दानं लिहिली. त्यांनी चौकटच काढून टाकली, ते बरं झालं.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र या सातवाहन राजांच्या नावांवरून दोन वाचकांनी इथं मातृसत्ता होती असा निष्कर्ष काढला. मोह मलाही झाला असता. पण गादी बापाकडून मुलाकडे जाते, आईचं नाव लावलं जातं ते तिच्या गोत्रावरून. त्याऐवजी मी त्यांना बलश्रीच्या लेखाजवळ नेलं. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षीचा तो लेख, त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. मुलाच्या, म्हणजे गौतमीपुत्राच्या, घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं हे सांगते, त्यानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश उरू दिला नाही हे सांगते. आणि त्याच बिरुदांच्या ओळीत, तो आईच्या सेवेत कधी चुकला नाही, हेही. पहिल्या मसुद्यात मी हा लेख ‘राज्यविस्तार’ या मथळ्याखाली वापरला होता. तो एका आईनं कोरवून घेतला आहे हे वर्षानुवर्षं मी वाचत आले होते आणि ऐकलं नव्हतं.

नकाशानं भरपूर दमवलं. भरुकच्छ, बारिगाझा, भडोच ही एकाच गावाची तीन नावं. प्रतिष्ठान आणि पैठण. तगर आणि तेर. त्यात काम चालू असतानाच २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, आणि परदेशी प्रवाशांच्या जुन्या नकाशांत जुनीच. शेवटी नकाशावर त्या काळचं नाव ठळक, आजचं बारीक, असं ठरवलं. पाच वेळा मुद्रितं तपासली. तरी चूक राहिली, ती पुढे सांगते.

मुखपृष्ठासाठी त्यांना पाँपेईत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती हवी होती, जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई गाडून टाकणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवीसन ७९ मध्ये उसळला, म्हणजे ती त्याआधीच तिकडे पोचली होती. तिच्याशी मिळत्याजुळत्या घडणीचं हस्तिदंती काम आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडलं आहे. त्यांच्या वाचकांना पाँपेई ठाऊक, हे मला कळत होतं. पण पुस्तक इथल्या लोकांबद्दलचं आणि दारावर इटलीत सापडलेली वस्तू, हे माझ्या मनाला पटेना. मी जोगलटेंभीचं नाणं सुचवलं. १९०६ साली नाशिकजवळ सापडलेल्या त्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला. वितळवली नाहीत, त्याच नाण्यांवर ठोकलं. नहपानाच्या नाण्यावर मुळात ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा प्राकृत. मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्टी. त्यावर सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह आणि उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. हाताच्या पेराएवढ्या चांदीवर दोन राजे आणि तीन लिप्या. मोठं करून छापलं तर वाचक पुस्तक उघडण्याआधीच त्यात अर्धा तास हरवेल, असं मी लिहिलं. मूर्ती आतल्या पानावर गेली, नाणं मुखपृष्ठावर आलं.

गाथासप्तशतीवर वेगळं प्रकरण हवं होतं, जागा पुरली नाही. चार पानं मिळाली. गोदेकाठच्या खेड्यांतली माणसं, शेतं, सासरमाहेर, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांत. त्या चार पानांत मी दोन शब्द तेवढे मांडले. प्राकृतात पोट्ट, आज पोट. प्राकृतात तुप्प, आज तूप. बाकीचं पुढे कधीतरी.

पुस्तक येऊन आता वर्ष होत आलं. तिकडच्या एका वाचकाचं पत्र आलं. पुस्तक वाचून ते जुन्नरला येऊन गेले, स्वतःचे स्वतः, नकाशा हातात घेऊन. नकाशात तेर हे तेरणा नदीच्या जरा भलत्याच वळणावर पडलंय असं त्यांनीच दाखवलं, आणि ते बरोबर आहे. पुढच्या छपाईत बदलायचं आहे. पत्राच्या शेवटी त्यांचा प्रश्न होता: इरिलाच्या लेखात ‘दोन टाकी’ असं तुम्ही सांगता, त्यातला ‘दोन’ हा शब्द कोणता?

हा शब्द मी पुस्तकात दिलाच नव्हता. मूळ लेखात ‘बे पोढियो’ असं आहे. मी त्यांना लिहिलं की तो ‘बे’. बोलताना आम्ही आता दोन म्हणतो. पण आमच्याकडची मुलं पाढे पाठ करायला बसतात तेव्हा दोनाचा पाढा बे एके बे, बे दुणे चार, असाच सुरू होतो.